माजी राज्यकर्ते आणि मावळचा वर्षावास

आफ्रिका खंडांतील माजी राष्ट्रपतींना विद्यापीठांत निवासी पाहुणे म्हणून बोलावण्याची एक चाल अमेरिकेंत पडली. तिच्याविषयीं बोलणें निघालें म्हणजे आमच्या सुशिक्षितांत दोनच उद्गार ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, ज्यांनीं आपले देश बुडविले त्यांना विद्यार्थ्यांचे गुरु करावयाचें हें शुद्ध ढोंग आहे. दुसरा पक्ष म्हणतो, एवढीं मोठीं माणसें एखाद्या विद्यापीठाला पाय लावतील तर त्याची शोभाच वाढेल. आपल्याकडेही असें कांहीं व्हावें. हे दोन्ही पक्ष एकमेकांशीं मोठ्या आवेशानें भांडतात. परंतु आमच्या मतें दोघेही चुकले आहेत, आणि नवल असें कीं दोघांची चूक एकच आहे. विद्यापीठांत राहावयास बोलावणें म्हणजे सन्मान करणें, असें दोघेही गृहीत धरून चालतात. मग एक म्हणतो सन्मान करूं नका, दुसरा म्हणतो करा. आमचें म्हणणें निराळें आहे. राज्यकर्त्यानें पद सोडल्यावर विद्यापीठांत राहावें तें हार घेण्यासाठीं नव्हे, तर साक्ष देण्यासाठीं. आणि साक्ष म्हटली कीं तिच्यामागून उलटतपासणी आलीच. ही उलटतपासणी जेथें होत नाहीं तेथें निवासी राष्ट्रपति ठेवणें आणि दिवाणखान्यांत वाघाचें कातडें टांगणें यांत फारसा भेद नाहीं.

राज्यकारभाराविषयीं ग्रंथ पुष्कळ आहेत व ते शिकविणारे अध्यापकही पुष्कळ आहेत. परंतु रात्रीं दोन वाजतां तारा येतात, सेनापति एक सांगतो, खजिनदार दुसरें सांगतो, आणि सकाळच्या आंत निकाल द्यावयाचा असतो, ही अवस्था ज्यानें भोगली असा मनुष्य देशांत एखादाच असतो. त्यानें तो निकाल कसा दिला, काय लपविलें, कोणाला भ्याला, हें त्याच्यावांचून कोणालाही पुरतें ठाऊक नसतें. तो मेला कीं तें ज्ञान त्याच्याबरोबर सरणावर जातें. तो जिवंत असतांना आणि त्याच्या हातीं सत्ता नसतांना जीं थोडीं वर्षें मिळतात, तेवढाच काळ हें ज्ञान समाजाच्या पदरीं पडण्याजोगा असतो. सत्ता असतांना त्याला विचारण्याची कोणाची छाती नसते. मेल्यावर विचारून उपयोग नसतो.

अमेरिकेंतील मूळ उदाहरण पाहूं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बोस्टन विद्यापीठानें आफ्रिकी राष्ट्रपतींचीं कागदपत्रें व त्यांवरील संशोधन यांसाठीं एक केंद्र काढलें. टांझानियांत अमेरिकेचे राजदूत राहिलेले चार्ल्स स्टिथ हे त्याचे चालक होते. तेथें २००२ पासून २००४ पर्यंत राहिलेले पहिले निवासी म्हणजे झांबियाचे केनेथ कौंडा. या गृहस्थांचें चरित्र असें कीं त्यावर एक संपूर्ण वर्ग चालावा. गांधीजींच्या विचारांचा पगडा असलेला हा पुढारी १९६४ सालीं स्वतंत्र झांबियाचा पहिला राष्ट्रपति झाला, आणि १९७० चें जवाहरलाल नेहरू पारितोषिकही त्याला आमच्याच देशानें दिलें. परंतु याच अहिंसावाद्यानें १९७२ सालीं आपल्या पक्षाखेरीज इतर पक्षांना बंदी केली, आणि १९६४ मधली आणीबाणी १९९१ पर्यंत, म्हणजे आपल्या कारकीर्दीचीं सत्तावीस वर्षें, उठूं दिली नाहीं. तरीही १९९१ सालीं लोकांनीं मतपेटींतून नकार दिला तेव्हां तो सैन्याला हांक न मारतां मुकाट्यानें बाहेर पडला. पुढें नव्या राजवटीनें १९९७ च्या नाताळांत त्याला अटक केली. १९९९ सालीं न्यायालयानें, तो या देशाचा नागरिकच नव्हे, असाही निकाल दिला, आणि तो निकाल दुसऱ्या वर्षीं फिरला. ज्या देशाला त्यानें जन्म दिला त्या देशांत तो परका ठरला! सत्ता घट्ट धरणें, सत्ता सोडणें आणि सत्तेचा मार खाणें, हे तिन्ही अनुभव एकाच देहानें घेतलेले. असा साक्षीदार सहसा मिळत नाहीं.

आफ्रिकेंतील राज्यकर्ते खुर्ची सोडीत नाहींत म्हणून आपण हंसतों. परंतु खुर्चीवरून उतरल्यावर तुरुंग, परदेश किंवा बंदुकीची गोळी यांपैकीं एक निश्चित असेल तर उतरेल कोण? खालीं पाय टेकावयास जागा नसली म्हणजे मनुष्य फांदीला घट्ट धरतो. त्याला लोभ म्हणा, परंतु त्यांत भीतीचाही वांटा आहे. हें ओळखून मो इब्राहीम नांवाच्या सुदानी धनिकानें २००६ सालीं एक पारितोषिक काढलें. लोकांनीं निवडून दिलेल्या व मुदत संपतांच पायउतार झालेल्या चांगल्या राष्ट्रप्रमुखाला पन्नास लाख डॉलर दहा वर्षांत आणि पुढें आमरण दरसाल दोन लाख. पहिलें पारितोषिक २००७ सालीं मोझांबिकच्या चिसानो यांना मिळालें. परंतु २००९, २०१०, २०१२, २०१३ अशीं किती तरी वर्षें पात्र पुरुष न मिळाल्यानें तें तसेंच राहिलें. ही योजना वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पैशानें निर्वाहाची सोय होते, कामाची होत नाहीं. ज्याच्या दारांत कालपर्यंत मंत्र्यांची रांग होती त्याला आज सकाळीं उठून करावयाचें काय, या प्रश्नाला पेढीवरील रक्कम हें उत्तर नव्हे.

आतां कोणी म्हणेल, हा सारा आफ्रिकेचा व अमेरिकेचा व्यवहार. मराठी वाचकाला त्याचें काय? आम्ही उलट असें म्हणतों कीं पदच्युत राज्यकर्त्याचें काय होतें हें मराठी माणसाइतकें जवळून थोड्यांनींच पाहिलें असेल. आमच्या इतिहासांत त्याचे तीन प्रकार झाले, आणि पहिला तर याच मावळांत झाला. पेशवाईची गादी गमावलेले राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेले. इंग्रजांनीं त्यांना ठेवून घेतलें तें त्यांच्या अनुभवाची किंमत कळली म्हणून नव्हे. पुण्याच्या दरवाज्यावर मारण्याचा धोंडा म्हणून. १७७९ च्या जानेवारींत दादांना बरोबर घेऊन इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. कार्ल्यास ‘इष्टुर फांकडा’ पडला, तळेगांवापर्यंत पोचलेली फौज मागें हटली आणि वडगांवीं तिला शरणागतीचा तह लिहून द्यावा लागला. लोणावळ्याहून पुण्यास जाणाऱ्या आगगाडींत बसून आपण हीं स्थळें रोज ओलांडतों. पदच्युत राज्यकर्त्याला परक्यानें आश्रय दिला कीं त्याचें हत्यार होतें, हा पहिला धडा.

दुसरा प्रकार दुसऱ्या बाजीरावाचा. १८१८ नंतर त्याला दरसाल आठ लाख रुपये देऊन गंगेकाठीं बिठूरास बसविलें. १८५१ सालीं तो वारला. मधलीं तेहतीस वर्षें त्यानें स्नानसंध्येंत व दानधर्मांत घालविलीं. पेशवाई कशी गेली हें ज्याच्या डोळ्यांदेखत घडलें, किंबहुना ज्याच्या हातून घडलें, त्याच्याकडून तेहतीस वर्षांत जी कैफियत घ्यावयास हवी होती ती आमच्या वाचनांत आलेली नाहीं. आठ लाखांत इंग्रजांनीं त्याचें राज्य नव्हे, त्याचें मौन विकत घेतलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. तिसरा प्रकार याहूनही शोचनीय. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला १८८५ सालीं पदच्युत करून इंग्रजांनीं पुढच्या वर्षीं रत्नागिरीस आणून ठेविलें व तेथेंच तो १९१६ सालीं वारला. हा राजा गादीवर येण्यापूर्वीं मठांत राहून पाली धर्मग्रंथांची परीक्षा उत्तीर्ण झालेला होता. इकडे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत १९१२ पासून धर्मानंद कोसंबी पाली शिकवीत होते. पाली शिकण्यासाठीं कोसंब्यांनीं सिंहलद्वीपाच्या व ब्रह्मदेशाच्या वाऱ्या केल्या होत्या. आणि पाली शिकलेला एक राजा त्याच मुंबई इलाख्यांत, समुद्राकडे बघत, दिवस मोजीत बसला होता. इंग्रज सरकारनें ही गांठ कधींच पडूं दिली नसती, हें आम्हांस कळतें. परंतु स्वराज्य मिळाल्यावर तरी आम्हीं या गोष्टीची कधीं चुटपुट लावून घेतली काय? थिबाचा राजवाडा पाहावयास प्रवासी जातात. त्या वाड्यांत तीन दशकांचें जें मौन कोंडलेलें होतें त्याची कोणी विचारपूस करीत नाहीं.

हत्यार करून ठेवणें, तनखा देऊन गप्प बसविणें आणि कोंडून ठेवणें, असे हे तीन मार्ग. विद्यापीठ हा चौथा. या दृष्टीनें बोस्टनचा उपक्रम आम्हांस स्तुत्य वाटतो. तथापि त्यांत एक मोठें वैगुण्य आहे आणि तें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. झांबियाच्या राष्ट्रपतीची साक्ष बोस्टनला झाली. ती ऐकावयास लुसाकाचा विद्यार्थी कोठून येणार? ज्याच्या बापाला त्या आणीबाणींत अटक झाली असेल त्या मुलाला प्रश्न विचारावयाचा तर आधीं अमेरिकेचा परवाना मिळवावा लागणार. दफ्तर ज्याच्या घरीं, इतिहास त्याचा, हें आम्हां मराठ्यांना कोणी शिकवावयास नको. पेशव्यांचें दफ्तर पुण्यांतच होतें. परंतु त्याच्या कुलपाची किल्ली परक्या सरकारच्या कमरेला होती. राजवाड्यांसारखा तपस्वी खेडोपाडीं हिंडून वाण्याब्राह्मणांच्या माळ्यांवरून कागद गोळा करीत होता, आणि शहरांत रुमालांच्या रुमाल धूळ खात पडले होते. १९३० पासून गोविंदराव सरदेसाई यांच्या हातून त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले तेव्हां कोठें सामान्य वाचकाला आपल्याच पूर्वजांचें अक्षर वाचावयास मिळालें. जें दुःख आम्हीं शंभर वर्षें सोसलें तेंच आफ्रिकेच्या लोकांना, सद्‌हेतूनें का होईना, पुन्हां भोगावयास लावणें न्यायाचें नाहीं. पाहुण्याचा पाहुणचार करा. त्याच्या देशाची स्मृति मात्र ठेवून घेऊं नका.

साक्षीबरोबर उलटतपासणी हवी असें आम्हीं वर म्हटलें, त्याचें एक उदाहरण असें आहे कीं त्याचा धागा आमच्या आगगाडीच्या वाटेवरच येऊन पोचतो. नायजेरियाचे ओलुसेगुन ओबासांजो हे तरुण लष्करी अधिकारी असतांना १९६५ सालीं भारतांत शिकावयास आले. प्रथम निलगिरींतील वेलिंग्टन येथें व नंतर पुण्याच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयांत. तें विद्यालय दापोडीस, लोणावळ्याच्या लोहमार्गालगत. पुढें हे १९७६ सालीं लष्करी राज्यप्रमुख झाले आणि १ ऑक्टोबर १९७९ रोजीं त्यांनीं लोकनियुक्त राष्ट्रपतीच्या हातीं सत्ता सोंपविली. १९९५ ते १९९८ तुरुंगवास भोगून १९९९ पासून २००७ पर्यंत ते स्वतः निवडून आलेले राष्ट्रपति होते. यांनीं पहिल्यांदा पद सोडल्यावर दुसऱ्याच वर्षीं बियाफ्राच्या यादवी युद्धाचा आपला वृत्तांत छापला. त्या युद्धांत त्यांच्याच हाताखालीं असलेले अधिकारी आलाबी-इसामा यांनीं त्या वृत्तांताचें खंडन करणारें पुस्तक काढलें तें २०१३ सालीं. तेहतीस वर्षांनीं! दोघेही एका वर्गांत, विद्यार्थ्यांसमोर, १९८० सालींच बसले असते तर एका पिढीला अर्धें सत्य घोकावें लागलें नसतें. राज्यकर्त्यांनीं आत्मचरित्रें लिहूं नयेत असें नव्हे. परंतु आत्मचरित्रांत प्रश्न विचारणारा व उत्तर देणारा एकच असतो, आणि अशा खटल्यांत आरोपी सहसा निर्दोष सुटतो. ओबासांजो यांना विचारण्यासारखें थोडें नाहीं. १९७७ सालीं लागोस येथें गायक फेला कुटी यांचें घर सैनिकांनीं जाळलें तें कोणाच्या राज्यांत? १९९९ सालीं ओडी हें गांव सैन्यानें उद्ध्वस्त केलें तें कोणाच्या हुकुमानें? तिसऱ्या खेपेचा मार्ग मोकळा करणारी घटनादुरुस्ती २००६ सालीं सिनेटनें फेंटाळली, तिच्या मागें कोण होतें? परंतु याच गृहस्थांची दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऐंशीच्या घरांत गेल्यावर ते आपल्या देशांतील मुक्त विद्यापीठांत विद्यार्थी म्हणून बसले आणि २०१८ सालीं त्यांना ख्रिस्ती धर्मशास्त्रांत डॉक्टर ही पदवी मिळाली. ती कोणी ओंजळींत घातलेली मानाची पदवी नव्हे. प्रबंध लिहून मिळविलेली आहे. माजी राष्ट्रपति बाकावर बसूं शकतो, त्यानें त्याच्या प्रतिष्ठेस धक्का लागत नाहीं, एवढें तरी यावरून सिद्ध होतें.

येथें आमच्यावर पहिला आक्षेप येईल तो असा कीं, या वाटेनें उद्यां जुलमी पुरुषही विद्यापीठांत शिरतील. आमचें उत्तर सरळ आहे. ज्याची वाट न्यायालय पाहात आहे त्यानें आधीं न्यायालयांत जावें. चाडचे हिसेन हाब्रे यांना २०१६ च्या मे महिन्यांत डाकार येथें आफ्रिकी न्यायाधीशांपुढें जन्मठेपेची शिक्षा झाली. त्यांची योग्य जागा तीच होती. उलट युगांडांतून १९७२ सालीं भारतीयांना, त्यांत कित्येक गोवेकर कुटुंबांनाही, नेसत्या वस्त्रानिशीं हांकलून देणारे इदी अमीन सौदी अरबस्तानांत पाहुणे म्हणून राहिले व २००३ सालीं जेद्दा येथें अंथरुणावर मेले. त्यांना न न्यायाधीशानें विचारलें, न विद्यार्थ्यानें. जुलमी पुरुषाला आश्रय मिळावयाचा तो विद्यापीठें दार उघडतात म्हणून मिळत नाहीं. राजवाडे दार उघडतात म्हणून मिळतो. आणि जे धड जुलमीही नाहींत व धड साधुही नाहींत, ज्यांनीं चांगलें व वाईट एकाच हातानें केलें, त्यांच्याकरितांच विद्यापीठ आहे. जगांतले बहुतेक राज्यकर्ते याच वर्गांत मोडतात.

दुसरा आक्षेप सभ्यतेचा. एवढ्या वृद्ध पाहुण्याला आडवेतिडवे प्रश्न विचारणें बरें दिसेल काय, असें आमचे शिष्ट लोक म्हणतील. हीच ती खोड, जिच्यापायीं आमच्या सभांतून अध्यक्षांच्या भाषणानंतर आभारप्रदर्शन होतें, प्रश्नोत्तरें होत नाहींत. आमच्याच देशांत याहून चांगले दाखले आहेत. चिंतामणराव देशमुखांनीं मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीं अर्थमंत्रिपद सोडलें आणि ते विद्यापीठ अनुदान मंडळावर व पुढें दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरुपदीं गेले. मंत्रिपदाहून विद्येचें काम हलकें असें त्यांना वाटलें नाहीं. अब्दुल कलाम राष्ट्रपतिभवनांतून २००७ सालीं निघाले ते थेट वर्गांत, आणि २७ जुलै २०१५ रोजीं शिलाँगच्या विद्यार्थ्यांपुढें बोलतां बोलतांच कोसळले. त्यांना मुलांचे प्रश्न आवडत. तथापि त्यांना विचारले गेले ते बहुधा भविष्याविषयीं, स्वप्नांविषयीं. २००५ सालीं बिहार विधानसभेच्या विसर्जनावर परदेशांतून मध्यरात्रीं सही कां केलीत, हा प्रश्न वर्गांत कोणी कितीदां विचारला? पूज्यभावानें आपण चांगल्या साक्षीदारांनाही वायां घालवितों.

आतां मावळाकडे पुन्हां वळूं, कारण आम्ही जी योजना सुचविणार आहों तिचें बीज येथल्याच खडकांत कोरलेलें आहे. कार्ल्याच्या चैत्यांत एक लेख आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें वलूरक, म्हणजे कार्ले, येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना करजिक नांवाचें गांव दिलें, तें पंथ किंवा देश न विचारतां, जे कोणी येथें वर्षावास करतील त्या सर्वांच्या निर्वाहासाठीं. पुढें नहपानाचा मोड करून सातवाहनांचें राज्य आलें. शत्रूच्या जांवयानें दिलेलें दान नव्या राजानें बुडविलें काय? नाहीं. मामाल, म्हणजे आपलें मावळ, येथील अमात्याला त्यानें हुकूम धाडला कीं तें गांव वलूरकच्या भिक्षूंकडेच राहावें. राजवट बदलली, विद्येचा निवास मोडला नाहीं. त्याच चैत्याचे कित्येक खांब धेनुकाकटाच्या यवनांनीं दिलेले आहेत. परदेशी मनुष्य मावळांत येऊन विद्येच्या घराला खांब देतो, ही गोष्ट येथें दोन हजार वर्षांची जुनी आहे. आणि वर्षावासाचा शेवट कसा होई हें तर विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. तीन महिने एकत्र राहिल्यावर प्रत्येक भिक्षु संघापुढें हात जोडून विनंति करी कीं, माझ्याकडून घडलेला दोष कोणीं पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका असेल, तर त्यानें तो मला सांगावा. या विधीला पवारणा म्हणतात. माजी राज्यकर्त्याला याहून योग्य विधि आम्हांस तरी सुचत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी कीं, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानें, किंवा महाराष्ट्रांतील ज्या विद्यापीठाला धमक असेल त्यानें, दर पावसाळ्यांत मावळांत असा एक वर्षावास भरवावा. लोणावळ्यास दीडशे इंचांवर पाऊस पडतो. मुंबईकरांचे बंगले वर्षांतून दहा महिने कुलपांत असतात. भुशीच्या धरणावर भिजून चिक्कीचे पुडे घेऊन परतणें याखेरीज त्या गांवाला पावसाळ्याचा दुसरा उपयोग उरलेला नाहीं. तेव्हां जागा शोधावयास नको. अटी मात्र कडक हव्यात. पाहुण्याला मानाची पदवी, शाल किंवा हार देऊं नये. पहिला महिना त्यानें श्रोता म्हणून वर्गांत बसावें. पुढें त्याच्या प्रत्येक व्याख्यानाला जेवढा वेळ, तेवढाच प्रश्नांना असावा, आणि प्रश्न आधीं पाहावयास मागूं नयेत. पुण्यांत आफ्रिकेंतून आलेले विद्यार्थी गेलीं कित्येक दशकें शिकत आहेत, आणि आपण त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून, तेंही संशयानें, बघण्यापलीकडे कांहीं केलेलें नाहीं. पहिला प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांचा. त्याच राज्यकर्त्यानें ज्याला तुरुंगांत टाकलें अशा एखाद्या विरोधकाला त्याच सत्रांत, तेवढ्याच मानधनावर बोलवावें. सरकार, खाणवाले किंवा तेलवाले यांचा पैसा घेऊं नये. आणि सर्व साक्षीची प्रत वर्षाच्या आंत त्या पाहुण्याच्या देशांतील विद्यापीठाकडे जावी. आपण फक्त तिचें मराठी भाषांतर छापावें. शेवटच्या दिवशीं पवारणा. ज्याला या अटी जाचक वाटतील त्यानें येऊं नये. त्याच्यासाठीं सत्कारसमित्या पुष्कळ आहेत.

या वर्गांत आणखी एका विद्यार्थ्याला जागा हवी. घानांत एन्क्रुमा यांच्या कारकीर्दींत, १९६५ सालीं, व्होल्टा नदीवर आकोसोंबोचें धरण पुरें झालें आणि सुमारें ऐंशी हजार लोकांचीं घरें पाण्याखालीं गेलीं. पुढल्याच वर्षीं एन्क्रुमा पदच्युत झाले; गिनी देशानें त्यांना आश्रय दिला व मानाचें सहराष्ट्रपतिपदही दिलें; ते पुस्तकें लिहीत राहिले आणि १९७२ सालीं वारले. धरणाच्या तळाशीं गेलेल्या गांवांच्या वतीनें त्यांना समोर बसवून जाब विचारणारें पीठ मात्र कोठेंच नव्हतें. तो प्रश्न पवनेच्या धरणांत जमीन गेलेल्या मावळच्या शेतकऱ्याला पुस्तक न वाचतां विचारतां येईल. ९ ऑगस्ट २०११ रोजीं पवनेचें पाणी बंद नळांतून पिंपरी-चिंचवडास नेण्याच्या योजनेविरुद्ध याच तालुक्यांतील शेतकरी बऊर येथें द्रुतगति मार्गावर उतरले, पोलिसांनीं गोळीबार केला आणि तिघे मेले. तेव्हां आफ्रिकेच्या राष्ट्रपतीला मावळच्या शेतकऱ्यानें विचारावें कीं, धरण बांधतांना आमच्यासारख्यांची आठवण तुम्हांला कोणत्या क्षणीं होते, आणि कोणत्या क्षणीं जाते?

हा प्रश्न एकदां त्या वर्गांत विचारला गेला म्हणजे तो परदेशी पाहुण्यापाशीं थांबणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. आणि खरें सांगावयाचें तर आमचा डोळा त्यावरच आहे. आमचे स्वतःचे माजी मुख्यमंत्री व माजी मंत्री पद गेल्यावर साखर कारखान्यांत, क्रीडामंडळांत आणि स्वतःच्या नांवाच्या महाविद्यालयांत अध्यक्ष होतात. साक्षीदार कोठेंच होत नाहींत. आफ्रिकेचा एक वृद्ध राष्ट्रपति मावळच्या पावसांत चार महिने बसून तरुणांचे बोल ऐकून घेतो, हें एकदां महाराष्ट्रानें डोळ्यांनीं पाहिलें कीं पुढच्या वर्षीं त्याच खुर्चीकडे बोट दाखवून आपल्या माणसांना विचारतां येईल, तुम्ही केव्हां बसतां? त्या दिवशीं कोण येतो आणि कोणाला तातडीचें काम निघतें, हें पाहण्यास आम्ही उत्सुक आहों.